मुंग्यांचा दिवस

एकाच जागीं फार वेळ मांडी घालून बसलें म्हणजे पायांस मुंग्या येतात, हा अनुभव कीर्तनास किंवा पंगतीस बसलेल्या प्रत्येकास आहे. परंतु या मुंग्यांच्या नांवाचाहि एक दिवस पाळला जातो, हें ऐकून श्रोत्यांस हंसूं येईल. तो दिवस २७ नोव्हेंबर.

इंग्रजींत अशा मुंग्यांस ‘टाचण्या नि सुया’ म्हणतात. याच नांवाचें एक संगीत नाटक २७ नोव्हेंबर १९३७ रोजीं न्यूयॉर्क येथें रंगभूमीवर आलें. त्यांतील नटनटी स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघाचे सभासद होते. दिवसा सुई चालवावी आणि काम संपल्यावर तालीम करावी, असा त्यांचा क्रम. या नाटकाचे पुढें ११०८ प्रयोग झाले. त्या प्रारंभाची आठवण म्हणून हा दिवस सांगितला जातो. नांवाच्या श्लेषामुळें त्यास अवघडलेले हातपाय मोकळे करण्याची गंमतहि चिकटली.

मुंग्या कां येतात? ‘रक्त थांबलें’ हें आपलें नेहमींचें उत्तर. रक्त शरीरांत सतत फिरतें, हें विल्यम हार्वे यानें १६२८ सालच्या ग्रंथांत सिद्ध केलें. दंडास घट्ट आवळलेली पट्टी किंचित् सैल केली कीं हात रक्तानें फुगतो, हें त्यानें दाखविलें. तथापि मुंग्यांची तक्रार मुख्यतः मज्जातंतूंची आहे. दाब पडल्यानें त्यांचें व त्यांस पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांचें काम अडतें. दाब हटल्यावर पूर्ववत् होतांना ते वेडेवांकडे संदेश पाठवितात, त्याच मुंग्या. चार पावलें चालणें हाच त्यांवर उपाय.

उमरगा भागांत हा उपाय जणूं पंचांगांतच घातलेला आहे. मार्गशीर्ष सरतां वेळ अमावास्येस घरोघरचीं माणसें शेतावर जातात, कडब्याच्या कोपींत पांडवांची पूजा करतात, भज्जी-आंबिलीचें वनभोजन करतात, आणि पिकांतून हिंडतांना बैठे पाय आपोआप मोकळे होतात.

परंतु हिंडूनहि न जाणारी बधिरता थट्टेवारी नेऊं नये. कुष्ठरोगांत मज्जातंतूच बिघडतात व अंगावर बधिर चट्टा उठतो. त्याचा जंतु नॉर्वेच्या हॅन्सेननें १८७३ सालीं शोधला. उमरगा हैदराबाद संस्थानांत होतें त्या काळीं, १९१५ सालीं, त्याच संस्थानांत डिचपल्ली येथें कुष्ठरोग्यांचें रुग्णालय उभें राहिलें. मात्र तेव्हां खात्रीचें औषध नव्हतें. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधांचा एकत्र उपचार सुचविला, आणि आज हा रोग पूर्ण बरा होतो. लाजेपायीं उशीर केला तर मात्र वांकडीं झालेलीं बोटें औषधानें सरळ होत नाहींत. तेव्हां मुंग्या गेल्या तर हंसावें. बधिरता राहिली तर विनासंकोच डॉक्टरांस दाखवावी.