मल्लेश्वरमची न्याहारी : रगड्यापासून पाकिटापर्यंत

मल्लेश्वरम हे बंगळुरातील उपनगर १८९८ च्या प्लेगनंतर वसले. तेथील न्याहारीचा कणा म्हणजे रगड्यावर वाटून रात्रभर आंबविलेले इडली-डोशाचे पीठ. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तांदूळ दुर्मिळ झाला. त्या महायुद्धकालीन टंचाईत शहरातीलच लालबागेजवळच्या एमटीआर उपाहारगृहाने रव्याची इडली काढली, असे सांगितले जाते. पुढे १९७५ च्या आणीबाणीतील दरनियंत्रणामुळे ते काही काळ बंद पडले आणि चालक तयार पिठांच्या पाकिटांकडे वळले. अशा पाकिटांनी मल्लेश्वरमसारख्या वस्त्यांतील स्त्रियांचे कष्ट हलके केले, हे नाकारता येत नाही. मात्र पीठ फुगविण्याचे काम सोड्याकडे आणि मिठाचे प्रमाण ठरविण्याचा अधिकार कारखान्याकडे गेला. म्हणूनच प्रक्रियायुक्त अन्नाचा इतिहास केवळ जिभेच्या चोचल्यांचा नसून टंचाई, कायदा व श्रम यांचाही आहे.