बेगमी, वही आणि यादी

घरात पीक किंवा पैसा कधी येतो, यावर वाणसामान कधी आणि किती भरायचे ते ठरते. महाराष्ट्रातील किराणा खरेदीचा इतिहास या एका सूत्राने बराचसा उलगडतो. वर्षातून एकदा हाती येणाऱ्या पिकावर घर चाले तेव्हा भरणीही वर्षाची असे. महिन्याचा पगार सुरू झाला आणि ती महिन्याची झाली. ज्यांच्या हातात रोजच्या मजुरीपलीकडे काही पडत नव्हते, त्यांनी मात्र प्रत्येक काळात पुडीनेच सामान आणले.

वर्षाच्या साठवणीला मराठीत बेगमी म्हणतात. खळ्यावर मळणी झाली की बलुतेदारांचे धान्य तिथेच मोजून दिले जाई आणि उरलेले घरी येई. ते ठेवण्याच्या जागा प्रदेशाप्रमाणे वेगळ्या. बांबूच्या कामट्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली कणगी जवळजवळ सगळीकडे दिसे. वाड्यांमध्ये भिंतीतच बळद बांधलेले असे. देशावर ज्वारीसाठी जमिनीत पेव खणत. पेवाचे तोंड बंद केले की आतला प्राणवायू संपतो आणि किडा जगू शकत नाही, हे त्यामागचे साधे शास्त्र. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. हवा खेळू देत. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे हळदीसाठी नावाजलेली होती आणि सांगलीच्या हळदबाजाराची भिस्त दीर्घकाळ त्यांच्यावर राहिली. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पेवे निकामी झाली. एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटले’ असे आज सहज म्हटले जाते, तो वाक्प्रचार या साठवणीतूनच आलेला आहे.

ही बेगमी टिकवणे हे सर्वस्वी बायकांचे काम होते, आणि त्याला लागणारे ज्ञान थोडेथोडके नव्हते. धान्याला किती ऊन द्यायचे, राख कशात मिसळायची, कडुलिंबाचा पाला कुठे घालायचा, तुरीच्या डाळीला एरंडेल कधी चोळायचे, हे सासूकडून सुनेकडे आणि आईकडून लेकीकडे जाई. मूठभर ज्वारी हातात घेऊन, दाणा दाताखाली फोडून तो वाळला की नाही हे सांगणारी बाई घरची खरी पारखी असे. या ज्ञानाची नोंद कुणी वहीत केली नाही, पण घरादाराचे वर्ष त्यावर निभावत होते.

बेगमी ज्यांच्याकडे जमीन होती त्यांची. गावकुसाबाहेरच्या वस्तीला आणि भूमिहीन मजुरांना धान्य मिळे ते कामाच्या मोबदल्यात, थोडे थोडे. साठवावे इतके ते कधी होत नसे. जुन्या गावाच्या स्वयंपूर्णतेबद्दल लिहिताना हा भाग अनेकदा गाळला जातो. तो गाळला की चित्र खोटे होते.

शेतकरी कुटुंबही सगळेच पिकवत नव्हते. मीठ विकत घ्यावेच लागे. कोकणातल्या मिठागरांतले मीठ बैलांच्या पाठीवर लादून वंजारी आणि लमाण तांडे घाट चढत आणि परतताना देशावरचे धान्य खाली नेत. करडई, तीळ किंवा शेंगदाणे तेल्याकडे द्यायचे आणि तेल व पेंड आणायची. गूळ, हिंग, मिरे, सुपारी, खोबरे यांच्यासाठी आठवडे बाजार असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या साऱ्या व्यवहाराचे बारकाईने केलेले वर्णन आहे. भोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये वाहता झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे गेली आणि माल स्वस्तात हलू लागला. तांडे मागे पडले आणि गावागावांत कायमची दुकाने उभी राहिली.

त्या काळी धान्य तोलत नसत, मापत असत. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर अशी मापे चढत जात. चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी. मापाच्या भांड्याला ‘शीग’ असे, म्हणजे काठावर उभा राहिलेला धान्याचा ढीग. शीग लावून द्यायचे की काठाबरोबर सपाट करायचे, हा प्रत्येक व्यवहारातला खरा मुद्दा होता. एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळेलच असे नव्हते. घेताना मोठे माप आणि देताना लहान, ही वाण्याबद्दलची तक्रार जुनी आहे आणि ‘मापात पाप’ हे शब्द तिच्यातून आले आहेत.

मापाहून मोठी गोष्ट होती वही. वाणी हा शब्द संस्कृत ‘वणिज्’वरून आलेला, त्याचा मूळ अर्थ व्यापारी. गावातला वाणी मात्र बहुधा सावकारही असे. मीठ-तेल उधार देणारा, सारा भरायला रोकड देणारा आणि सुगीत धान्य उचलणारा माणूस एकच. कुणब्याला वही वाचता येत नसे, त्यामुळे मिठाच्या उधारीपासून जमिनीच्या गहाणखतापर्यंतचा रस्ता फार लांब नव्हता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी उठाव झाला. त्यात आणि पुढे पुणे-नगर भागात पसरलेल्या दंग्यांत लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खतावण्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळण्यात आले. त्यानंतर १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. किराणा खरेदीच्या इतिहासात हे दंगे सहसा मोजले जात नाहीत. पण त्या वह्यांत किराण्याचीही खाती होती, म्हणून त्यांना या इतिहासात जागा द्यायलाच हवी.

खरेदीचे घड्याळ बदलले ते मुंबईत. १८५० च्या दशकात पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा, पुणे भागांतून हजारो माणसे गिरणगावात आली. बहुतेक पुरुष एकटे राहत आणि खाणावळीत जेवत. खाणावळ चालवणारी बाई वाण्याकडून उधारीवर सामान उचले. गिरणीचा पगार झाला की कामगार तिचे पैसे देई आणि ती वाण्याचे. काही जणांना गावाकडून तांदळाचे गाठोडेही येई, म्हणजे शहरातल्या पोटामागे गावची कणगी अजून उभी होती. गिरण्यांचा पगार महिन्याने आणि तोही महिना उलटल्यावर बऱ्याच दिवसांनी मिळे, त्यामुळे कामगाराचा पहिला दिवसच कर्जाने सुरू होई. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने पगाराचा काळ एक महिन्याहून मोठा नसावा आणि कामगारसंख्येप्रमाणे पगार सात किंवा दहा तारखेच्या आत द्यावा, असे बंधन घातले. त्यामुळे दहा तारीख हा गिरणगावातल्या वाण्याकडे खाते चुकते करण्याचा ठरलेला दिवस झाला.

सरकारी कचेऱ्या, शाळा आणि बँकांतल्या नोकरदार वर्गाने यातूनच ‘महिन्याचे सामान’ ही रीत घडवली. पहिल्या आठवड्यात यादी होई. वर ‘श्री’ लिहून खाली तांदूळ, तूरडाळ, साखर, चहा, शेंगदाणे, साबण असा क्रम लागे. मजकूर सांगणारी बाई आणि लिहिणारे मूल, हे कित्येक घरांतले नेहमीचे दृश्य होते. वाणी यादीवर आकडे मांडून बेरीज करी आणि त्याचा पोऱ्या सामान घरपोच टाकून जाई. रद्दीच्या कागदाची पुडी आणि तिच्याभोवती सुताचे दोन वेढे हे वाण्याचे हातकसब. घरी पुड्या सोडल्या की दोरा रिळाला गुंडाळून ठेवत आणि कागद फळीवर अंथरत.

सणाच्या महिन्यात यादी लांबे. दिवाळीला रवा, मैदा, पोह्यांबरोबर उटणे, कापूर, वाती, रांगोळी आणि रंगांच्या पुड्या वाण्याकडूनच येत. अंगणाच्या कडेला लागणारा गेरूही तिथेच मिळे. आकाशकंदिलासाठी कागद स्टेशनरीच्या दुकानातून आणला तरी तो चिकटवायची खळ घरातल्या मैद्याचीच असे. घर सजवण्याचा वेगळा बाजार पूर्वी नव्हता. तो वाणसामानाचाच एक कोपरा होता, आणि म्हणूनच गरिबातल्या गरीब घरालाही त्यात वाटा होता.

दुसऱ्या महायुद्धात या रीतीला मोठा हादरा बसला. मुंबई आणि कोकण यांना ब्रह्मदेशच्या तांदळाची सवय होती. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तो तांदूळ थांबला. १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. घरात माणसे किती, यावर धान्य किती हे पहिल्यांदाच सरकार ठरवू लागले. स्वातंत्र्यानंतर नियंत्रणे उठली, परत आली, सैल झाली. पण रेशन कार्ड राहिले, आणि धान्याच्या कागदाला राहत्या पत्त्याच्या पुराव्याचे मोल आले. साठच्या दशकात आणि १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लालसर मिलो ज्वारी रेशनवर आली. जोंधळ्याची भाकरी खाणाऱ्या घरांना तिची चव कधीच रुचली नाही, तरी तिने माणसे जगवली हेही खरे.

याच दुष्काळात मुंबईच्या बायका रस्त्यावर उतरल्या. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या स्त्रिया तिच्यात एकत्र होत्या. मागण्या घरगुती होत्या: तेल, साखर, रॉकेल आणि रेशनवरचे धान्य, रास्त भावात आणि वेळेवर. हातात लाटणे घेऊन निघालेले मोर्चे आणि थाळ्यांचा नाद यांनी सरकारला घराच्या यादीची दखल घ्यायला लावली. महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या राजकारणाचा हा मोठा टप्पा. तो स्वयंपाकघरातल्या डब्यांपासून सुरू झाला, यात त्याचे मोठेपण आहे.

दरम्यान मापेही बदलली होती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. ऐंशी तोळ्यांचा शेर, सुमारे ९३३ ग्रॅम, कायद्यातून गेला. भाषेतून गेला नाही. पाव किलोला ‘पावशेर’ म्हणणारी माणसे अजून आहेत, आणि कोकणात तांदळाची बोलणी पायलीत होतात.

वाण्याला पर्याय उभा करण्याचे प्रयत्नही इथे मनापासून झाले. १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत सुरू झालेली सहकारी ग्राहक संस्था पुढे ‘अपना बाजार’ म्हणून मोठी झाली. १९७५ मध्ये सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायत याहून वेगळी होती. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकारातून निघालेल्या या चळवळीत दुकानच नव्हते. शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन संघ करत, महिन्याची मागणी आगाऊ नोंदवत आणि पैसे भरत. घाऊक खरेदी होऊन सामान संघाच्या घरी येई आणि सभासद ते आपसांत वाटून घेत. आपल्याला किती लागणार हे आधीच ठाऊक असणाऱ्या नोकरदार घरालाच हे जमे. महिन्याच्या यादीचे हे सर्वात शिस्तशीर रूप म्हणावे लागेल. हातावर पोट असलेल्यांना आगाऊ पैसे भरणे शक्य नव्हते, ही या सुंदर व्यवस्थेची मर्यादा.

पाकिटांनी मात्र पारखण्याचे काम हळूहळू घराबाहेर नेले. १९३७ मध्ये डालडा आला; त्याचे रिकामे डबे धान्याला आणि तुळशीलाही वापरले गेले. गिरगावात किराणा दुकानापासून सुरुवात केलेले बेडेकर मसाले आणि लोणच्यांकडे वळले. तिथेच १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत उभे राहिले. पूर्वी घरच्या उन्हाळ्यात होणारे मसाले, पापड आणि लोणची अशा रीतीने दुकानाच्या फळीवर आली. नोकरी करणाऱ्या बाईला त्यात मोठा दिलासा होता. निवडलेली डाळ आणि पिठाची पिशवी आली तशी घरातली पाखडण-निवडण कमी झाली. सूप भिंतीवर गेले.

पुढे दुकानात शिरून स्वतः सामान उचलण्याची पद्धत आली. २००२ मध्ये पवईत डी-मार्टचे पहिले दुकान उघडले आणि दोन दशकांत तालुक्यांच्या गावांपर्यंत अशी दुकाने गेली. गल्लीतला वाणी बंद पडला नाही. उधारीची वही त्याच्याकडेच आहे आणि पाच-दहा रुपयांची पुडीही त्याच्याकडेच मिळते. यादी आता फोनवरून येते इतकेच.

वर्षाची भरणीही पुरती सरलेली नाही. मार्च ते मे या काळात पुण्याच्या मार्केट यार्डात घरगुती ग्राहक गव्हाची पोती पाहायला येतात, आणि अनेक शहरांत भरणाऱ्या धान्य महोत्सवांत शेतकरी थेट गहू, ज्वारी, इंद्रायणी तांदूळ विकतात. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीची देठे खुडून झाली की मसाला कुटायला डंखावर नंबर लागतो. तिथे सकाळी लवकर आलेल्या बायका अजूनही मूठभर मिरची हातात घेऊन ती पुरेशी वाळली आहे का, हे मोडून पाहतात.