थ्री नॉट थ्री

‘थ्री नॉट थ्री’ हे नाव भारतात रायफलीला चिकटले असले, तरी ते मुळात काडतुसाचे आहे आणि त्याहीआधी एका मापाचे. रायफलीच्या नळीचा आतला व्यास ०.३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर. ब्रिटिश लष्कराने १८८८ साली हे माप स्वीकारले. पुढच्या काळात काडतुसातली दारू बदलली, गोळीचे वजन आणि आकार बदलला, ते झाडणाऱ्या रायफलीचे नावही बदलले. माप तेवढे कायम राहिले.

त्याआधी ब्रिटिश शिपायाच्या हाती मार्टिनी-हेन्री रायफल होती. तिची गोळी ०.४५० इंच जाडीची, शुद्ध शिशाच्या जवळपासची आणि सुमारे ३१ ग्रॅम वजनाची असे. काळ्या दारूचा धूर इतका होई की दोन-चार फैरींनंतर समोरचे दिसत नसे आणि शत्रूला मात्र शिपायाची जागा नेमकी कळे. गोळी बारीक केली तर ती वेगाने आणि सरळ जाईल, शिवाय तेवढ्याच वजनात शिपायाला जास्त काडतुसे बाळगता येतील, हे सगळ्या युरोपला कळत होते. अडचण शिशाची होती. वेग वाढला की मऊ शिसे नळीतल्या चरांत खरवडले जाई. स्वित्झर्लंडमधील थून येथे मेजर एडुआर्ड रुबिन यांनी शिशावर कठीण धातूचे कवच चढवून हा प्रश्न सोडवला. ब्रिटिश काडतूस त्यांच्याच प्रयोगांवर बेतलेले आहे.

मात्र १८८६ साली फ्रान्सने धूर न करणाऱ्या दारूची लेबेल रायफल आणली आणि बाकीची सैन्ये एका रात्रीत जुनी ठरली. ब्रिटनकडे तशी दारू नव्हती. म्हणून पहिल्या ३०३ काडतुसात काळीच दारू दाबून, तिची घट्ट वडी करून भरली गेली. नव्या जमान्याच्या काडतुसात जुन्या जमान्याची दारू, अशी ही तडजोड होती. १८९१ मध्ये तिची जागा कॉर्डाइटने घेतली. फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी बनवलेल्या या मिश्रणात ५८ टक्के नायट्रोग्लिसरिन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलिन असे. त्याच्या दोऱ्यांसारख्या लांब कांड्या पुंगळीत भरल्या जात. आपल्या बॅलिस्टाइट या दारूची ही नक्कल आहे म्हणून आल्फ्रेड नोबेलची बाजू न्यायालयात गेली आणि हरली.

कॉर्डाइट जळताना फार तापे. विल्यम मेटफर्ड यांनी काळ्या दारूसाठी आखलेले नळीतले उथळ, गोलसर चर त्या उष्णतेने झिजू लागले. मग एनफिल्डच्या कारखान्याने खोल, चौकोनी कडांचे पाच चर पाडले, आणि १८९५ मध्ये ‘ली-मेटफर्ड’ रायफलीची ‘ली-एनफिल्ड’ झाली.

३०३ हा आकडा गोळीच्या जाडीचा नाही. नळीतल्या चरांमधल्या उंचवट्यांवरून मोजलेला तो व्यास आहे. गोळी त्याहून जाड, सुमारे ०.३११ इंचाची असते, कारण चरांत रुतून फिरण्यासाठी तिला तेवढी जाडी लागते. अमेरिकनांनी ‘३०-०६’ या नावात १९०६ हे वर्ष गुंफले. ब्रिटिशांनी वर्ष टाळले आणि दर बदलाला ‘मार्क’चा क्रमांक दिला. कागदोपत्री फरक त्या क्रमांकात राही, शिपायाच्या तोंडी मात्र ३०३ एवढेच.

या मार्कांपैकी सर्वात बदनाम झालेल्या गोळ्यांना नाव मिळाले ते एका भारतीय गावाचे. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत तक्रार आली की कवचाची गोळी शरीरातून आरपार जाते, पण माणूस थांबत नाही. कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यातील कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकाचे कवच थोडे काढून शिसे उघडे ठेवले. अशी गोळी लागताच फुलते आणि भयंकर जखम करते. वायव्य सरहद्दीवर ती वापरली गेली. पाठोपाठ इंग्लंडमध्ये टोकाला पोकळी असलेल्या गोळ्या तयार झाल्या. त्या दमदमच्या नव्हत्या, पण जगाने त्यांनाही ‘दमदम’च म्हटले. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी घालणारा जाहीरनामा झाला. ब्रिटनने तेव्हा सही केली नाही, १९०७ मध्ये तो मान्य केला. सरहद्दीवरच्या पठाणांवर चालणारी गोळी युरोपियन युद्धात नको, हा त्या वादातला दुटप्पीपणा लपण्यासारखा नव्हता.

१९१० च्या मार्क ७ ने काडतुसाला कायमचे रूप दिले. जर्मनांनी १९०५ मध्ये टोकदार गोळी आणली होती. ब्रिटिशांनीही बोथट नाकाची सुमारे १४ ग्रॅमची गोळी सोडून ११.३ ग्रॅमची टोकदार गोळी घेतली. वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटरवर गेला आणि रायफलींच्या नेमपट्ट्या नव्याने आखाव्या लागल्या. या गोळीच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियम किंवा कागदाचा लगदा भरत. त्यामुळे वजन मागे जाई आणि गोळी शरीरात शिरताच उलटीपालटी होई. हेगचा शब्द पाळून दमदमच्या हेतूजवळ पोहोचण्याचा हा मार्ग होता, असे म्हणायला जागा आहे. ब्रिटिश सैन्याने दोन्ही महायुद्धे प्रामुख्याने याच गोळीवर लढली. जपानी नौदल आणि इटलीनेही हेच काडतूस घेतले, फक्त त्याला ७.७ मिलिमीटर म्हटले.

१८६९ साली स्थापन झालेल्या, पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्यातही ही काडतुसे बनत. त्यांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे असत. १९५० च्या दशकात ब्रिटनने आणि १९६२ च्या युद्धानंतर भारतीय सैन्यानेही ७.६२ मिलिमीटरची वाट धरली. निवृत्त झालेल्या रायफली पोलिसांकडे गेल्या. २००८ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला, तेव्हा तिथल्या काही पोलिसांच्या हाती त्याच होत्या.

खासगी परवानाधारकाला भारतात ३०३ सहसा मिळत नाही, कारण लष्करी मापाच्या बंदुका निषिद्ध वर्गात मोडतात. ही बंधने ब्रिटिश काळापासूनची आहेत. तेव्हा शिकाऱ्यांसाठी ०.३१५ इंचाचे वेगळे माप पुढे आले. ते ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मानलिखेर काडतुसाचे भाऊबंद. ब्रिटिश गेल्यावरही सरकारी कारखान्यांनी याच मापाच्या रायफली परवानाधारकांसाठी बनवल्या.