पिशवीतली साखर
चाकणच्या कारखान्यात रात्रपाळीला अपघात झाला, तर रक्त आधीच साठवलेलं असावं लागतं. ही सोय साखरेने करून दिली. सायट्रेट घातलं की रक्त गोठत नसे, पण तांबड्या पेशी लवकर मरत. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या राऊस आणि टर्नर यांनी त्यात साखर मिसळली. पेशींना खाद्य मिळालं. १९१७ मध्ये रॉबर्टसन या लष्करी डॉक्टरने असं रक्त बर्फात ठेवून फ्रान्समधल्या जखमींना दिलं. आज अ‍ॅडेनीनची भर पडल्याने २ ते ६ अंशांत पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात. त्यापुढे नाही. जयंतीला, ईद-ए-मिलादला आपण पिंपरी-चिंचवडमध्ये शिबिरं भरवतो, ती भरवावीतच. पण एका दिवशी भरलेल्या पिशव्यांची मुदत एकदमच संपते. म्हणून मला वाटतं, रक्तदात्यांनी महिने वाटून घ्यावेत.