बाटलीतली हवा

रत्नागिरीला मांडवीच्या धक्क्यावर जूनमध्ये येणारा वारा आणि जानेवारीत येणारा वारा यांचे माहेर एक नव्हे. खारे वारे आणि मतलई वारे यांची रोजची ये-जा आपण भूगोलात शिकवतो. पण त्या रोजच्या खेळावर एक मोठा, सहामाही खेळ चाललेला असतो. १९६९ साली फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, नैऋत्य मोसमी वारा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत एका अरुंद, वेगवान झोताच्या रूपाने विषुववृत्त ओलांडतो आणि अरबी समुद्रावरून आपल्याकडे वळतो. म्हणजे जुलैत रत्नागिरीकर जी हवा छातीत भरून घेतो, तिच्यातला बराच भाग दक्षिण गोलार्धातून, हजारो किलोमीटर समुद्र पार करून आलेला असतो. हिवाळ्यात उलट प्रकार. तेव्हाची हवा उपखंडावरून, त्यातली शहरे, चुली, भट्ट्या आणि शेते ओलांडून येते.

जुन्या काळी गलबतवाल्यांना या वाऱ्यांचे वेळापत्रक तोंडपाठ होते. १९९३ साली त्याच वेळापत्रकाचा उपयोग रसायनशास्त्रज्ञांनी एका वेगळ्या कामासाठी करून घेतला. त्या कामाकडे येण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे.

जागतिक तापमानवाढीचा धडा शिकवताना वर्गातला एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी हमखास विचारते, “पृथ्वीचे हवामान पूर्वीही बदलत होते ना? मग आताचा बदल माणसानेच केला, हे कशावरून?” प्रश्न उत्तम आहे. ‘शास्त्रज्ञ तसे म्हणतात’ हे त्याचे उत्तर नव्हे. शास्त्रज्ञांनाही हे मान्य व्हायला शंभर वर्षे लागली, आणि या शंभर वर्षांत त्यांनी एकमेकांवर घेतलेले आक्षेप पाहिले की उत्तर आपोआप हाती येते.

१८५६ साली युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइड भरलेले नळकांडे सर्वांत जास्त तापले आणि निवायलाही त्याला जास्त वेळ लागला. या वायूचे प्रमाण हवेत वाढले तर पृथ्वीचे तापमान वाढेल, असा निष्कर्ष त्यांनी त्याच लेखात काढला. त्यांचे नाव पुढे दीडशे वर्षे जवळजवळ विस्मरणात गेले. १८५९ पासून जॉन टिंडल यांनी लंडनमध्ये अधिक नेमके मोजमाप केले. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू अवरक्त किरण, म्हणजे न दिसणारी उष्णता, शोषून घेतात. नायट्रोजन आणि ऑक्सिजन जवळजवळ घेत नाहीत.

येथे शिक्षकांसाठी एक सावधगिरीची सूचना. दोन बाटल्या घेऊन, एकीत सोडा-व्हिनेगरचा वायू भरून, दिव्याखाली ठेवून ‘हरितगृह परिणाम’ दाखवण्याचा प्रयोग विज्ञान प्रदर्शनांत नेहमी असतो. बाटली तापते हे खरे, पण त्याचे मुख्य कारण वेगळे आहे. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने बाटलीतले अभिसरण मंदावते. आरगॉन हा वायू अवरक्त किरण शोषत नाही, तरी तो भरला तर बाटली जवळजवळ तशीच तापते. उत्तर बरोबर आणि कारण चूक, अशी ही गत आहे. फूटबाईंच्या प्रयोगातही काच मध्ये असल्याने हा घोळ होताच. टिंडल यांनी काचेऐवजी सैंधवाच्या चकत्या वापरल्या, कारण काच अवरक्त किरण अडवते, सैंधव अडवत नाही. माझ्या मते वर्गात बाटल्यांपेक्षा सैंधवाच्या चकतीची ही गोष्ट सांगणे अधिक उपयोगाचे.

१८९६ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी कागद-पेन्सिलीने अवाढव्य आकडेमोड करून सांगितले की, हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान सुमारे ५ ते ६ अंशांनी वाढेल. आजचा अंदाज याहून कमी, साधारण ३ अंशांच्या आसपास आहे. पण संगणक नसताना काढलेले उत्तर म्हणून ते थक्क करणारे आहे. कोळसा जाळण्याचा तेव्हाचा वेग पाहून त्यांना वाटले की दुप्पट व्हायला हजारो वर्षे लागतील. स्वीडनच्या थंडीत राहणाऱ्या माणसाला त्या उबेची धास्ती वाटली नाही, यात नवल नाही.

पण लगेच आक्षेप आला. १९०० साली त्यांच्याच देशातील क्नूट ऑंगस्ट्रॉम यांनी प्रयोगाच्या आधारे म्हटले की, हवेत आज आहे तेवढा कार्बन डायऑक्साइड शोषता येण्याजोगे किरण आधीच शोषून घेतो. त्यात भर घातली तर फरक काय पडणार? काळ्या पडद्यावर दुसरा काळा पडदा टाकण्यासारखेच ते. हा आक्षेप अर्धशतक टिकला. त्यातली मेख अशी की वातावरण म्हणजे एकच पडदा नव्हे, ते थरांचे बनलेले आहे. उष्णता अवकाशात निसटते ती वरच्या विरळ, कोरड्या, थंड थरांतून. कार्बन डायऑक्साइड वाढला की ही निसटण्याची पातळी आणखी वर, आणखी थंड थरात सरकते आणि बाहेर जाणारी उष्णता घटते. १९५६ मध्ये गिल्बर्ट प्लास यांनी संगणकाच्या मदतीने ही आकडेमोड केली, तेव्हा ऑंगस्ट्रॉम यांचा पडदा गळून पडला.

दरम्यान १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या वाफेच्या इंजिनांवर काम करणाऱ्या इंग्लिश अभियंत्याने जगातल्या १४७ वेधशाळांच्या नोंदी गोळा करून दाखवले की पृथ्वी खरोखरच तापू लागली आहे, आणि त्याचे कारण कोळसा असावा. त्याचा निबंध वाचला गेला तेव्हा टीका करणाऱ्यांत सर जॉर्ज सिम्पसन होते. हे गृहस्थ पूर्वी सिमल्याला आपल्याच हवामान खात्यात नोकरीला होते. त्यांचा सूर असा की, हवामानशास्त्रज्ञ नसलेल्यांना हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. टीका अगदीच अवाजवी नव्हती. हवेत कार्बन डायऑक्साइड नक्की किती, हेच तेव्हा कोणाला धड ठाऊक नव्हते. जो तो आपल्या गावच्या हवेचे मोजमाप करी, आणि गावच्या हवेत गावाच्या चुली असत.

मोजमापाला स्वच्छ जागा लागते, हा धडा आपल्याकडे आधीच शिकून झाला होता. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीस ते काम अलिबागला हलवावे लागले. चार्ल्स कीलिंग या तरुण अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने हवेच्या बाबतीत हेच केले. मार्च १९५८ मध्ये त्याने हवाई बेटांवरील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, पॅसिफिक महासागराच्या मधोमध, आपले उपकरण सुरू केले. पहिला आकडा मिळाला दहा लाख भागांत ३१३. दोनतीन वर्षांतच आलेखावर दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, वर्षाकाठी येणारी लाट : उत्तर गोलार्धातली झाडे उन्हाळ्यात वायू शोषतात, हिवाळ्यात सोडतात. दुसरी, ती लाट दरवर्षी थोडी वर सरकते. २०२४ ची तेथील सरासरी सुमारे ४२४ आहे.

आता मूळ प्रश्न. हा जादा वायू माणसाचाच कशावरून? कार्बनला खुणा असतात. कार्बन-१४ हा किरणोत्सारी समस्थानिक ५,७३० वर्षांत निम्मा होतो. कोट्यवधी वर्षे जमिनीत पडलेल्या कोळशात तो उरतच नाही. १९५५ मध्ये हान्स सुएस यांनी झाडांच्या वाढीच्या वलयांतून दाखवले की अलीकडच्या लाकडात कार्बन-१४ चे प्रमाण कमी होत चालले आहे, म्हणजे हवेत जुना, ‘मेलेला’ कार्बन मिसळतो आहे. (नंतर अणुबाँबच्या चाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ एकदम वाढवला आणि ही खूण काही काळ झाकोळली.) दुसरी खूण कार्बन-१३ ची. वनस्पती प्रकाशसंश्लेषणात जड कार्बन-१३ पेक्षा हलका कार्बन-१२ पसंत करतात. कोळसा आणि तेल मुळात सजीवांपासूनच बनलेले. म्हणून ते जाळले की हवेतल्या कार्बन-१३ चा वाटा घटतो. ज्वालामुखींतून येणाऱ्या कार्बनने अशी घट होणार नाही. तिसरी गोष्ट म्हणजे, हवेतला ऑक्सिजनही किंचित कमी होतो आहे. म्हणजे काहीतरी जळते आहे.

आता कोकणात परत येऊ. रत्नागिरीच्या दक्षिणेला सुमारे दोनशे किलोमीटरवर, गोव्याच्या काणकोण तालुक्यात काबो द रामा हे भूशीर आहे. वनवासात राम-सीता येथे राहिल्याची आख्यायिका आहे, आणि वर एक जुना किल्ला. १९९३ पासून येथे काचेच्या बाटल्यांत हवा भरून ती ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या संस्थेच्या प्रयोगशाळेत पाठवली जाऊ लागली. नमुना दुपारी, समुद्रावरून वारा येत असताना घ्यायचा, म्हणजे आसपासच्या गावांचा धूर त्यात येत नाही. एस. के. भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी या नोंदींचा निबंध २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला.

मौना लोआवर जगाची सरासरी हवा मिळते. काबो द रामाला मात्र एकाच खडकावर उभे राहून दोन हवा मिळतात, एक पावसाळ्यात आणि एक हिवाळ्यात. पावसाळी हवेत मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड खाली जातात, हिवाळी हवेत दोन्ही वाढतात. हिवाळ्यातला दुपारचा खारा वारा समुद्रावरून येतो खरा, पण तो आदल्या दिवसांत जमिनीवरून समुद्रावर गेलेलीच हवा परत आणतो. कार्बन मोनॉक्साइड ही अर्धवट जळणाची खूण आहे; त्यामुळे उपखंडातल्या जळणाचा हिशेब या बाटल्यांत उतरतो. आणि दोन्ही ऋतूंच्या खालून, वर्षामागून वर्ष, कार्बन डायऑक्साइड चढत आणि कार्बन-१३ उतरत जातो. हवाई बेटांवरची गोष्ट आपल्या किनाऱ्यावरही तीच निघाली, यात आश्चर्य नाही. पण ती मानायची की नाही हे आता अमेरिकेच्या आकड्यांवर अवलंबून राहिले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेल्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटरने चढली. त्याआधीच्या शतकात हा वेग याच्या निम्म्याच्या आसपास होता. यावरून हापूसचा मोहोर गळाला किंवा मासळी कमी लागली की थेट तापमानवाढीच्या नावावर टाकायची घाई मात्र करू नये. एका हंगामाला एक कारण नसते. तुडतुडे, अवेळी पाऊस, बेसुमार मासेमारी हे सगळे तेथे असते, आणि त्यांचा वेगवेगळा हिशेब लावणे हे कष्टाचे काम आहे. मुलांपुढे हा फरक राखलेला बरा, नाहीतर पुढच्या वर्षी मोहोर भरघोस आला की विज्ञानच खोटे ठरते.

बाटल्यांची कथा मात्र सलग नाही. २००२ नंतर काबो द रामाचे नमुने थांबले आणि २००९ मध्ये पुन्हा सुरू झाले. खुद्द कीलिंग यांच्या आलेखातही १९६४ च्या वसंतात पैसे आटल्याने काही महिन्यांची फट आहे. आपली फट वर्षांची आहे. २००९ मध्येच पुण्याजवळ सिंहगडावर हवेचे नमुने घेण्याचे काम सुरू झाले. गड समुद्रापासून दूर, घाटमाथ्यापलीकडे आहे. त्यामुळे तेथील आकडे आणि काबो द रामाचे आकडे शेजारी ठेवले की समुद्रावरून आलेल्या हवेत जमिनीने काय मिसळले, याचा अंदाज बांधता येतो.