तारामतीला वाचा फुटली

मराठी चित्रपटाचा इतिहास सांगायला बसलेला माणूस बहुधा दादासाहेब फाळक्यांच्या कॅमेऱ्यापासून सुरुवात करतो. मी मिशीपासून करणार आहे. दिवाळीचा फराळ समोर घेऊन बसलेल्या वाचकांना ही मिशी जरा विचित्र वाटेल. पण तिच्यावाचून पुढची गोष्ट समजायची नाही.

१९१२ साली फाळके दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ची जुळवाजुळव करीत होते. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते विलायतेला जाऊन आले होते, कॅमेरा आला होता, कच्ची फीत आली होती. हरिश्चंद्राच्या कामाला दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. रोहिदास तर घरचाच, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. अडले ते तारामतीपाशी. वर्तमानपत्रात जाहिराती देऊन झाल्या. ज्यांना समाजाने आधीच ओवाळून टाकले होते, त्या बायकांच्या वस्तीतही फाळके जाऊन आले. तिथल्या बायकांनीही नकार दिला! कॅमेऱ्यासमोर उभे राहणे त्यांनासुद्धा कमीपणाचे वाटले. अखेर ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके नावाचा नाजूक चणीचा तरुण फाळक्यांच्या दृष्टीस पडला, आणि तोच अयोध्येची महाराणी झाला. बायकांची कामे करणाऱ्या पुरुषांना मिशी काढायला राजी करताना फाळक्यांच्या नाकी नऊ आले, असे सांगतात. बाप जिवंत असताना मिशी काढायची कशी, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्या काळी तो खोटा नव्हता.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. लोकांनी साळुंक्यांची तारामती डोळ्यांत पाणी आणून पाहिली. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. म्हणजे रामाला सीतेचा विरह झाला तो एकाच माणसाच्या अंगात!

त्या पहिल्या चित्रपटात बाई नव्हती असे मात्र म्हणू नका. ती पडद्यामागे होती. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री फितीच्या कडेला भोके पाडीत, रसायने कालवीत, फीत धूत, दिवसा उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडीत, आणि एवढे करून साऱ्या मंडळींचा स्वयंपाक उरकीत. नवऱ्याच्या या नादापायी त्यांचे दागिनेही गेले. आपल्या सिनेमाचा पहिला तंत्रज्ञ कोण, असे मला वर्गात कोणी विचारले तर मी सरस्वतीबाईंचे नाव सांगते. मुली एकमेकींकडे पाहून हसतात. त्यांच्या आया घरी तेच करीत असतात, फक्त फितीच्या जागी दुसरे काही असते.

१९१३ सालच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात पहिल्यांदा बाई पडद्यावर आली. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची किशोरवयीन मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. नवऱ्यापासून वेगळी झालेली, मुलीला एकटीने वाढवणारी ही बाई आधी रंगभूमीवर आली होती आणि त्यापायी आपल्या माणसांनी वाळीत टाकल्याचे दुःख तिने सोसले होते. ती कमलाबाई म्हणजेच पुढे प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखले यांच्या मातुःश्री आणि विक्रम गोखले यांच्या आजी. तीन पिढ्या ज्या घराण्याला महाराष्ट्राने टाळ्या दिल्या, त्याचा आरंभ असा बहिष्कारात आहे. १९१९ साली फाळक्यांनी ‘कालिया मर्दन’ काढला आणि त्यात आपल्या चिमुकल्या मंदाकिनीला कृष्ण केले. सहा वर्षांपूर्वी पुरुषाला नेसवावे लागलेले लुगडे घडी घालून ठेवायला सुरुवात झाली होती.

इकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटर आपला कॅमेरा आपल्याच हातांनी बनवून उभे राहिले होते. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. त्यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई अशा दोघींनी कामे केली. पडद्यावर त्यांची नावे मात्र कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी आली. चेहरा दाखवायचा पण नाव झाकायचे, अशी ती तडजोड होती. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले ते सर्वांना ठाऊक आहे. या दोघींना काय म्हटले गेले ते कुठे नोंदलेले नाही. ‘सैरंध्री’ची फीतही आज उपलब्ध नाही, त्यामुळे त्यांचा तो झाकलेल्या नावाचा चेहराही आपल्याला दिसत नाही.

येथवरचा सारा सिनेमा मुका होता. खरे पाहता मुक्या चित्रपटाला मराठी तरी का म्हणावे? पाट्यांची भाषा बदलली की तोच खेळ लाहोरला चाले आणि मद्रासलाही. आणि मुका होता म्हणूनच साळुंक्यांची तारामती खपली. आपल्या प्रेक्षकाला पुरुषाने लुगडे नेसण्याचे नवल नव्हते. बालगंधर्वांचा शालू पाहून पुण्या-मुंबईच्या बायका नेसणे शिकत होत्या. पण बालगंधर्वांना गळा होता. साळुंक्यांना पडद्यावर गळाच नव्हता.

१४ मार्च १९३१ ला मुंबईत ‘आलम आरा’ हा हिंदी बोलपट लागला आणि सगळा हिशेब बदलला. कोल्हापुरात १९२९ च्या १ जूनला विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी ‘प्रभात’ उभी केली होती. बोलपट काढायचा ठरल्यावर त्यांनी विषय कोणता निवडावा? तोच, हरिश्चंद्राचा! ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी लागला. दिग्दर्शन शांतारामबापूंचे, संगीत गोविंदराव टेंब्यांचे, आणि हरिश्चंद्रही टेंबेच. तारामती होत्या दुर्गाबाई खोटे.

वाचकहो, या दोन तारामतींमध्ये अवघी एकोणीस वर्षे आहेत. एकीकडे खाणावळीत राबणारा तरुण. दुसरीकडे मुंबईच्या सुखवस्तू लाड कुटुंबातली, कॉलेजात शिकलेली, खोट्यांच्या प्रतिष्ठित घरात दिलेली लेक. सासरचे वैभव ओसरले होते आणि दोन मुलांना वाढवायचे होते. आदल्या वर्षी ‘फरेबी जाल’ नावाच्या चित्रपटात त्यांनी लहानसे काम केले, तेव्हा घराण्याचे नाव बुडवले म्हणून त्यांना पुष्कळ ऐकून घ्यावे लागले होते. तरीही त्या उभ्या राहिल्या, आणि मराठी पडद्यावर प्रथमच तारामतीचे दुःख बाईच्या आवाजात ऐकू आले. माझे म्हणणे एवढेच आहे की मराठी चित्रपट मराठी झाला तो त्या वर्षी, आणि त्याच्याबरोबरच बाईलाही वाचा फुटली. पहिल्या मराठी बोलपटाचे आपले भाग्य असे की तो टिकला. ‘आलम आरा’ हरवला. ‘अयोध्येचा राजा’ आजही पाहता येतो, ऐकता येतो.

एकदा बोलू लागल्यावर ती थांबते होय? १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले, आणि गौरीबाई जिजाई. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली जगातल्या उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली, मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. समीक्षक पागनीसांच्या भक्तिभावाचे वर्णन करतात. माझ्या आजीने मात्र तो पाहून एकच गोष्ट लक्षात ठेवली होती : पोर आजारी पडल्यावर जिजाई वहाण हातात घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला देवळात जाते. आजी म्हणायची, “तुकोबा वैकुंठाला गेला गं, पण चूल कोणी सांभाळली?” वैकुंठाचे आमंत्रण बाजूला ठेवून मुलांपाशी राहणाऱ्या जिजाईचे मराठी हे माजघरातले मराठी होते. नाटकातल्या राजाराण्यांपेक्षा ते आमच्या बायकांना अधिक जवळचे वाटले.

दुसऱ्याच वर्षी ‘कुंकू’ आला. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामबापूंनी तो केला. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. जरठ-बाला विवाहावर कीर्तनकार आणि सुधारक पन्नास वर्षे बोलत होते. परंतु ती बाला स्वतः ‘नाही’ म्हणताना हजारो लोकांनी एकाच वेळी पाहिली ती येथे. नीरा झालेल्या शांता आपटे पडद्याबाहेरही तशाच. १९३९ साली कंपनीशी वाद झाला तेव्हा त्यांनी प्रभातच्याच फाटकाशी बसून उपोषण केले, आणि १९४० साली ‘जाऊ मी सिनेमात?’ असे सरळ नाव देऊन पुस्तक लिहिले. त्या एका प्रश्नात किती मुलींचा आणि किती आयांचा जीव अडकला असेल!

लढाई संपली, देश स्वतंत्र झाला आणि पडद्यावर डफ-तुणतुणे वाजू लागले. १९४७ च्या ‘रामजोशी’पासून तमाशाची लाट आली. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चा चित्रपट केला. ग्वाल्हेरच्या पवार घराण्यातल्या वनमालाबाई आई झाल्या आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मराठीला मिळाले. त्याच १९५३ साली प्रभात बंद पडली, हा दैवाचा खेळ. तिच्या पुण्याच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. देव्हाऱ्यातली आई आणि फडावरची नर्तकी, अशा दोन खोल्यांत मराठी बाई बराच काळ राहिली. मधल्या अंगणात तिला कोणी फारसे येऊ दिले नाही.

ते अंगण उघडले हंसा वाडकरांच्या आत्मकथेने. पोरवयातच घरासाठी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या या गुणी नटीने आपले सोसणे काही न लपवता सांगितले, आणि पुस्तकाला आपल्या गाजलेल्या चित्रपटाचेच नाव दिले. श्याम बेनेगलांनी त्यावरून १९७७ साली हिंदीत ‘भूमिका’ केला, त्यात स्मिता पाटील होत्या. त्याच स्मिताबाई १९८२ साली जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’मध्ये नोकरीसाठी घर सोडणारी सुलभा झाल्या. शांता निसळांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरचा हा चित्रपट पाहून कित्येक घरांत जेवणे गप्पपणे झाली असतील.

हा रस्ता सरळ वर चढत गेला असे मी म्हणणार नाही. १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून दादा कोंडक्यांनी रौप्यमहोत्सवांची रांग लावली, त्या हशात बाईच्या वाट्याला कधी विनोद आला, कधी ती विनोदाचा विषय झाली. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’त लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन पुन्हा लुगड्यात दिसले! मात्र आता कोणी रडले नाही, पोट धरून हसले. पुरुषाने बाई होणे ही गरज राहिली नव्हती, गंमत झाली होती. आणि १९९१ साली ‘माहेरची साडी’ लागला. माझी आई तो पाहून आली ती दोन दिवस डोळे पुसत होती. सोसणारी, न बोलणारी सून पडद्यावर परत आली आणि बायकांनी तिला डोक्यावर घेतले. मी त्या वेळी लहान होते. आज वाटते, त्यांना ती गप्प राहणारी सून आवडली होती असे नाही. गप्प राहिल्याचे दुःख कोणीतरी मोठ्या पडद्यावर मोजले, याचेच त्यांना अप्रूप होते.

‘श्यामची आई’नंतर देशातल्या सर्वोत्तम चित्रपटाचा मान मराठीला पुन्हा मिळायला ‘श्वास’ची वाट पाहावी लागली. तो २००४ साल उजाडल्यावर आला, म्हणजे अर्धशतक लोटले. त्यानंतर ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आले, आणि २०१६ सालासाठी ‘कासव’. ‘कासव’ सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. सरस्वतीबाईंच्या चादरीपासून सुमित्राबाईंच्या दिग्दर्शनापर्यंत एक शतक गेले, पण पडद्यामागच्या बाईचे नाव अखेर पडद्यावर मोठ्या अक्षरांत आले.

या साऱ्याचा चंदनसारशी काय संबंध, असे कोणी विचारील. विरारची ही पूर्वेची वस्ती. येथल्या बायका पहाटेची लोकल पकडतात आणि रात्रीच्या लोकलने परततात. सिनेमाचा इतिहास त्यांच्या गावी नाही. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या संमेलनात आम्ही हरिश्चंद्राचा प्रवेश बसवला, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने तारामती सोडून हरिश्चंद्रच मागितला. आवाज खणखणीत, पाठांतर चोख, मी दिला. दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा आले. “बाई, पोरगी स्टेजवर नको. उद्या लग्नाला नडेल.” मी त्यांना खुर्ची दिली आणि दुर्गाबाई खोट्यांची हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, “करू द्या. पण पत्रिकेत नाव नका छापू.”

गुलाबबाई आणि अनसूयाबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी शब्द पाळला; पत्रिकेत ‘हरिश्चंद्र : इयत्ता आठवी’ एवढेच छापले. काजळाची मिशी रेखून ती पोर उभी राहिली आणि मांडव गप्प झाला. टाळ्या थांबल्यावर तिसऱ्या रांगेतून आजोबाच शेजाऱ्याला म्हणाले, “आमची नात.”

त्यांची भीती खोटी होती असे मला म्हणवत नाही. नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या ‘सैराट’ने मराठीतले उत्पन्नाचे सारे विक्रम मोडले. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर हाकणारी, मनातले तोंडावर बोलणारी आर्ची अकलूजच्या रिंकू राजगुरूने उभी केली, तेव्हा थिएटरांत मुली उठून नाचल्या. पण त्या चित्रपटाचा शेवट आपण सर्वांनी पाहिला आहे. बोलणाऱ्या मुलीकडून आजही किंमत वसूल केली जाते. पडद्याने ते लपवले नाही, हे त्याचे मोठेपण.

या दिवाळीत घरी जुने चित्रपट लावाल तेव्हा ‘अयोध्येचा राजा’ अवश्य लावा. आवाज जरा खरखरतो, चालही संथ वाटेल. तरी मुलींना जवळ बसवा आणि तारामती बोलू लागली की त्यांना सांगा, ही बाई बोलावी म्हणून पुष्कळ जणींनी पुष्कळ काही सोसले. त्यातल्या काहींची तर नावेही छापली गेली नाहीत.