अंगावरच्या दुधाचे माप

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि तिचेच लष्कर नावाचे शहर झाले. त्या लष्करातील जुने वाडे काय, किंवा आजच्या सिटी सेंटरमधील सदनिका काय, बाळंतिणीच्या खोलीबाहेर वडीलधाऱ्या बायकांची कुजबुज एकच: 'दूध पुरते ना गं हिचे?' मूल रडले की संशय आईवर, आणि मग हळिवाची खीर, शतावरी यांची भर. खीर खुशाल द्यावी. बाळंतिणीस ती पोषकच आहे. परंतु मापाचा प्रश्न तिने सुटत नाही.

आपल्या प्राचीनांनी या विषयाचा विचार केला होता. दूध पाण्याच्या पात्रात पिळून ते एकजीव होते की नाही ते पाहावे, असे चरकसंहिता सांगते. ही परीक्षा शुद्धतेची, प्रमाणाची नव्हे. सुश्रुताने क्रोध, शोक व वात्सल्याचा अभाव यांनी दूध नाहीसे होते असे म्हटले आहे. सुनेस टोमणे देणाऱ्या घरांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे! नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून १९३८ साली मुंबईस छापलेली काश्यपसंहिता मात्र आणखी पुढे जाते. मूल निरोगीपणे, सुखाने वाढते आहे, हेच तिच्या मते उत्तम दुधाचे लक्षण. साक्ष द्यायची ती बालकाने.

विसाव्या शतकात ही साक्ष तराजूकडे गेली, आणि तेथे मातांवर अन्याय झाला असे आम्हांस वाटते. १९७७ साली अमेरिकेत तयार झालेले व पुढे जगभर वापरले गेलेले वाढीचे तक्ते बव्हंशी बाटलीच्या दुधावर वाढलेल्या बालकांवरून बेतलेले होते. अंगावर पिणारे मूल पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर काहीसे सावकाश वजन घेते. त्या तक्त्यावर ते मागे पडलेले दिसे, आणि धडधाकट मुलाच्या आईस वरचे दूध सुरू करण्याचा सल्ला मिळे. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतील अंगावर पिणाऱ्या मुलांवरून नवे तक्ते सिद्ध केले. त्यांत दक्षिण दिल्लीची मुलेही होती.

आज डॉक्टर पाहतात ते साधेच आहे. जन्मानंतर उतरलेले वजन दोन आठवड्यांत भरून यावे; पाचव्या दिवसानंतर दिवसरात्रीत निदान सहा लंगोट ओले व्हावेत, लघवी फिकट असावी, पिताना घोट गिळल्याचे कळावे. रडणे नेहमी भुकेचेच नसते. स्तन मऊ पडले म्हणजे दूध आटले, हाही भ्रमच. मात्र लंगोट कोरडे राहू लागले, किंवा मूल सुस्तावून पिण्यास जागे होईनासे झाले, तर खिरीच्या गुणाची वाट न पाहता त्याच दिवशी त्यास डॉक्टरांकडे न्यावे.